ती परत का जाते?

(संक्रांतीच्या निमित्ताने बदलापूर गावात भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. भाषणात ज्यांचे अनुभव आले आहेत त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो, आणि समोर बसलेल्या माझ्या मावश्या, काकू, आत्यांनो,

बाहेरगावी बोलायचं असलं की मला भीती वाटत नाही. दहाएक वर्षं हेच काम करते आहे. आज मात्र घसा कोरडा पडलाय, कारण हे माझं गाव. तुमच्यातल्या निम्म्या जणींनी मला फ्रॉकमध्ये नदीवर हुंदडताना पाहिलंय. तिसऱ्या रांगेत माझी आई बसली आहे. आज मी जे सांगणार आहे ते तिला काल रात्रीच सांगितलं आणि विचारलं, "गावात बोलू का?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बोल. मी पुढे येऊन बसते." पहिल्या रांगेत नाही बसली, पण तिसरीही काही कमी नाही! (हशा)

शिवकाळात इथे घोडे बदलायचे म्हणून गावाचं नाव बदलापूर पडलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. खरंखोटं इतिहासकार जाणोत. पण मला या नावाचं नेहमी नवल वाटतं. घोडा थकला तर तो बदलावा, एवढी अक्कल त्या काळच्या स्वारांना होती. आम्ही बायका मात्र "तो बदलेल, तो बदलेल" म्हणत एकाच ठिकाणी उभ्या जन्म काढतो.

२० ऑगस्ट २०२४ हा दिवस या गावात कुणी विसरणार नाही. शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला आणि लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले. कितीतरी तास गाड्या बंद होत्या. बायाही होत्या त्या गर्दीत. परक्या माणसाने अत्याचार केला तर हे गाव रेल्वे अडवतं. पण एखाद्या बाईला तिच्याच माणसाने मारलं, तर भिंतीला भिंत लागून असलेलं शेजारचं दारही उघडत नाही. आणि दोनदा तक्रार करून तीच बाई तिसऱ्यांदा त्याच्याकडे परत गेली, तर मग काय विचारता! "तिलाच हौस आहे." "दोघांचं असंच चालायचं." "आपण मध्ये पडायचं आणि उद्या ही दोघं एका ताटात जेवणार."

हे फक्त शेजारपाजारचे बोलतात असं नाही. आपण कार्यकर्त्याही बोलतो. सभेत नाही बोलत, चहा पिताना बोलतो. मीही बोलले आहे. म्हणून आज या 'परत जाण्या'बद्दलच बोलायचं ठरवलं.

बंद केलेली फाइल

उल्हासनगरच्या एका कॅम्पात एक बाई होती. जीन्सच्या कारखान्यातून पँटींचे गठ्ठे घरी आणायची आणि धागे कापायची. नगावर पैसे. नवरा नव्हे, पण सहा वर्षं एकत्र राहणारा माणूस. पहिल्या लग्नातून निघून ती त्याच्याकडे आली होती, त्यामुळे माहेर तुटलेलं. पहिल्यांदा ती केंद्रात आली तेव्हा ओठ फाटलेला होता. आम्ही पोलिसांत नेलं. एनसी लिहून घेतली. आठ दिवसांत ती परत गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा बहिणीच्या खोलीवर तिची सोय लावून दिली. वीस दिवसांत परत. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी माझी रजा मोडून दिवसभर तिच्याबरोबर हिंडले. संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेलं, अर्ज तयार केला. दुसऱ्या दिवशी सही करायला ती आलीच नाही. त्याच्याबरोबर मोटारसायकलवर बाजारात दिसली. नवी साडी, केसांत गजरा.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला तिच्या फाटलेल्या ओठाचा जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या गजऱ्याचा आला. ती पुन्हा दाराशी आली तेव्हा मी म्हणाले, "आता तुझं तू बघ. तुला खरंच बाहेर पडायचं असेल तेव्हा ये." आणि फाइलवर शेरा मारला : 'अर्जदार सहकार्य करत नाही.' फाइल बंद.

चौदा महिने ती आली नाही. आली तेव्हा डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, "इतके दिवस का नाही आलीस गं?" तिने शांतपणे सांगितलं, "मॅडम, तो मारायचा, पण परत घ्यायचा. तुम्ही मारत नव्हतात, पण परत घेत नव्हतात."

एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत शिकले नव्हते ते त्या बाईने एका वाक्यात शिकवलं.

आणि जास्त लाज यासाठी वाटली, की परत जाणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. पुस्तकातून नव्हे. मी स्वतः पाच वेळा परत गेले होते.

माझी गोष्ट

मी एम.एस.डब्ल्यू. करत होते तेव्हाची गोष्ट. रोज बदलापूर लोकलने ये-जा. तो चळवळीतलाच. समतेवर इतकं सुंदर बोलायचा की ऐकणारीला वाटावं, असा पुरुष आपल्याला मिळाला तर काय हवं! मोर्च्यात उन्हाचं माझ्या हातातला फलक घ्यायचा. पहिलं वर्ष असं गेलं.

मग हळूहळू फोन सुरू झाले. कुठली लोकल पकडलीस? इंडिकेटरचा फोटो पाठव. ठाणं गेलं? कल्याण गेलं? डब्यातला फोटो पाठव. मला ती काळजी वाटायची. मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे, "बघा, किती जपतो!" मग मैत्रिणी कमी झाल्या. कुणी त्याला आवडत नव्हती, कुणी 'तुला बिघडवते' म्हणून. आणि एक दिवस, मी मेसेज वाचूनही उत्तर दिलं नाही म्हणून, त्याने मला थोबाडीत मारली. मग तोच रडला. माझ्या पाया पडला. लहानपणी बापाचा मार कसा खाल्ला ते सांगत राहिला. त्या रात्री मला वाटलं, याला माझ्याइतकं जवळचं कुणी नाही. जिने मार खाल्ला तीच त्याची समजूत घालत होती.

परीक्षेत स्त्रियांवरील हिंसाचारावर प्रश्न आला होता. हिंसेचं चक्र स्पष्ट करा. मी ताण वाढण्याचा टप्पा लिहिला, स्फोटाचा लिहिला, मग दिलजमाईचा लिहिला. आकृती काढली, बाण काढले. पेपर देऊन बाहेर आले तर फाटकाशी तो उभा. हातात दोन वडापाव. आदल्या रात्री त्याने माझा दंड पिरगळला होता, लिहिताना दुखत होता. आणि ते वडापाव पाहून मला जगातला सगळा आनंद झाला. आकृतीतल्या तिसऱ्या टप्प्यावर मी उभी आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

चार वर्षांत पाच वेळा मी त्याला सोडलं. प्रत्येक वेळी काय व्हायचं ते सांगते, कारण हे कुणी बोलत नाही. पोटात खड्डा पडायचा. झोप उडायची. प्लॅटफॉर्मवर निळा शर्ट दिसला की छातीत धस्स व्हायचं. फोन हातातून सुटायचा नाही. त्याने केलेलं वाईट काही केल्या आठवायचं नाही. आठवायचा तो पावसात धरलेला फलक, वडापाव, रडवेला चेहरा. एकदा बाराव्या दिवशी फोन केला तो मी. त्याने नाही, मी केला. त्याचा आवाज ऐकला आणि एकदम सगळं शांत झालं. दारू पिणाऱ्याला पहिल्या घोटानंतर वाटत असेल तसं.

आईला वाटायचं, पोरगी अभ्यासाने वाळली आहे.

मटका आणि माया

हे असं का होतं? त्यात माझ्या अकलेचा, शिक्षणाचा, संस्कारांचा काही संबंध होता का? मी पुढे पुष्कळ वाचलं. त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगते.

आपल्याकडे मटका कुणाला ठाऊक नाही? १९६२ च्या सुमारास वरळीच्या मटक्याची सुरुवात झाली आणि बघता बघता गिरण्यांपासून आपल्या या पट्ट्यापर्यंत कामगारांचे पगार त्यात गेले. कितीजणींनी आकडा लावणाऱ्या नवऱ्यापायी मंगळसूत्र गहाण टाकलं. आता विचार करा. मटका रोज लागला असता तर त्याची ओढ राहिली नसती. कधीच लागला नसता तर आठ दिवसांत माणसाने नाद सोडला असता. तो कधीतरी लागतो, आणि कधी लागेल ते कळत नाही, म्हणून माणूस बुडतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवलं. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारतच राहतं. आणि दाणा बंद केला तरी कितीतरी वेळ थांबत नाही.

आपल्या बाबतीत दाणा म्हणजे गजरा, वडापाव, "तुझ्याशिवाय माझं कोण आहे" हे वाक्य. रोज मारणाऱ्याला सोडणं त्या मानाने सोपं. आलटून पालटून मारणारा आणि जपणारा माणूस सोडवत नाही.

लेनोर वॉकर यांनी १९७९ साली, मार खाणाऱ्या बायकांशी बोलून, ते तीन टप्प्यांचं चक्र मांडलं. पुढे कळलं की प्रत्येक घरात तीनही टप्पे असतातच असं नाही. काही घरांत दिलजमाई कधी येतच नाही, दोन मारांमधली शांतता हीच माया वाटू लागते. १९८१ साली कॅनडातले डटन आणि पेंटर या दोघांनी आणखी नेमकं सांगितलं. मारणाऱ्याबद्दलची ही ओढ घट्ट व्हायला दोन गोष्टी लागतात. एक, दोघांमध्ये सत्तेचा तोल नसणं. दुसरी, मार आणि माया आलटून पालटून मिळणं. बाईचा स्वभाव कसा आहे, ती कमकुवत आहे का, हे यात येत नाही, हे लक्षात घ्या.

मेंदूवरही अभ्यास झालेत. हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रेमात नाकारल्या गेलेल्या पंधरा तरुण-तरुणींच्या मेंदूची चित्रं घेतली. सोडून गेलेल्या माणसाचा फोटो दाखवल्यावर, कोकेनची तलफ येते तेव्हा मेंदूचे जे भाग जागे होतात त्यातले काही जागे झालेले दिसले. पंधराच माणसं होती, त्यात मार खाल्लेल्या बायका वेगळ्या काढून पाहिल्या नव्हत्या, त्यामुळे फार ताणायचं नाही. पण "हे सगळं तिच्या मनाचे खेळ आहेत" असं म्हणणाऱ्यांना एवढं सांगता येतं, की तलफ ही खरीखुरी, अंगात उठणारी गोष्ट आहे. "विसरून जा त्याला" म्हटल्याने ती जात नाही.

दुकान कोण चालवतं?

पण थांबा. 'व्यसन' हा शब्द वापरताना मला भीती वाटते. उद्या कुणी म्हणेल, बाईच व्यसनी, तिच्यावरच उपचार करा. म्हणून एक भेद पक्का लक्षात ठेवायला हवा. दारूच्या बाटलीला मन नसतं. ती पिणाऱ्यावर पाळत ठेवत नाही, त्याच्या मैत्रिणी तोडत नाही, त्याचा पगार काढून घेत नाही. इथे समोर माणूस आहे. बाईला एकटं पाडायचं, मग आपणच तिचा एकमेव आधार व्हायचं, हे तो करतो. तलफ तिच्या अंगात असली, तरी दुकान तो चालवतो. गुन्हा त्याचाच.

आणि दुकानाला जागा भाड्याने कोण देतं? आपण. खोलीचं डिपॉझिट त्याच्या नावावर. मुलांच्या शाळेत सही त्याची. नगावर धागे कापून महिन्याचं भाडं निघत नाही. माहेर म्हणतं, "स्वतःच्या मर्जीने गेलीस ना? मग निस्तर." जातीबाहेर, धर्माबाहेर गेलेलीला तर परतीचा रस्ताच नाही. मग ती ओढीने परत जाते की नाइलाजाने? बहुतेकदा दोन्हीने. नाइलाज आपल्याला दिसतो. ओढ तिची तिला कळते, आणि लाजेने ती सांगत नाही.

वसईच्या श्रद्धा वालकरचं प्रकरण तुम्ही ऐकलंय. घरच्यांचा विरोध पत्करून ती आपल्या जोडीदाराबरोबर राहायला गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने नालासोपाऱ्यात पोलिसांना लेखी कळवलं होतं, की तो मारतो, त्याने जीव घ्यायचा प्रयत्न केला, तुकडे करण्याची धमकी देतो. नंतर तिने तक्रार पुढे चालवायची नाही असं सांगितलं. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला, असं पोलिसांचं आरोपपत्र सांगतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते उघडकीला आलं, तेव्हा महाराष्ट्रभर चर्चा झाली ती कशाची? त्याच्या धर्माची. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवायला समिती नेमली. पण जी मुलगी एवढं स्पष्ट लिहून देते आणि मग माघार घेते, तिच्याकडे दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी कुणीतरी सहज चौकशीला जायचं, अशी व्यवस्था कुठे आहे, हा प्रश्न मागे पडला. तक्रार मागे घेतली म्हणजे धोका टळला असं आपण धरून चालतो. खरं तर तीच वेळ तिच्या दाराशी जाण्याची असते.

आणि हे आजचं नाही. आपल्या उल्हासनगरमध्येच १९९० साली दहावीची परीक्षा द्यायला बसलेल्या रिंकू पाटीलला परीक्षा केंद्रात जाळून मारलं. ते प्रकरण वेगळं, तिथे परत जाण्याचा प्रश्न नव्हता. पण त्यावर 'एकतर्फी प्रेम' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. जाळण्यालाही आपण प्रेमाचाच एक प्रकार मानला! मग पाठलाग म्हणजे प्रेम, संशय म्हणजे प्रेम, दंड पिरगळणं म्हणजे हक्काचं प्रेम, हे पोरींनी शिकावं यात नवल काय? मी शिकलेच ना.

व्यसनमुक्तीच्या कामातून आपण एक गोष्ट घ्यायला हवी. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तेव्हापासून महाराष्ट्रात या कामाने लोकांना समजावलं, की व्यसन हा आजार आहे, आणि सुटलेला माणूस पुन्हा घसरू शकतो. घसरला म्हणून त्याला कायमचा हाकलायचा नसतो, पुन्हा उभा करायचा असतो. आपण ते मान्यही केलं. दारुड्या पुरुष चौथ्यांदा घसरला तरी त्याची बायको, आई, भाऊ त्याला धरून नेतात. मग परत गेलेल्या बाईला आपण तिसऱ्या खेपेलाच का हाकलतो? दारुड्याला जेवढी सवलत दिली तेवढी तरी तिला द्या!

मटार सोलणाऱ्या बाई

मी कशी सुटले? पुस्तकाने नाही. डब्यातल्या एका बाईंमुळे.

आमच्या लेडीज डब्यात ठाण्याला नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. रोज गाडीत भाजी निवडायच्या. त्यांनी माझ्या दंडावरचा वळ पाहिला. काही विचारलं नाही. चार दिवसांनी म्हणाल्या, "जेवतेस का नीट?" मी रडले. मग सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही "सोड त्याला" म्हटलं नाही. रोज विचारायच्या, "काल फोन आला? उचललास? बरं. मटार सोल." पाचव्यांदा मी परत गेले आणि शरमेने डबा बदलला. तर चौथ्या दिवशी त्या प्लॅटफॉर्मवर पुढे चालत आल्या. "तिकडे चढतेस होय? चल, जागा धरली आहे." बस्स. एवढंच.

सहाव्यांदा सोडलं तेव्हा रात्री दहा ते एक ही वेळ त्यांनी आपल्यावर घेतली. म्हणाल्या, "त्याला फोन करावासा वाटला की आधी मला कर. मग हवं तर त्याला कर." तीन महिने त्यांनी माझे फोन घेतले. कधी काही बोलायच्या नाहीत, नुसत्या जाग्या राहायच्या. ते सोडणं टिकलं.

आता आपण काय करायचं

यातून आणि पुढच्या कामातून जे शिकले ते गटांसाठी सांगते.

पहिलं. मदतीला अट घालायची नाही. "सोडशील तरच" हा शब्द नको. ती त्याच्याबरोबर राहत असतानाही आपली मैत्रीण आहे. फाइल बंद करायची नाही, फार तर 'पुन्हा येईल' असा शेरा मारायचा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या शंभर बायकांपैकी अवघ्या चौदा जणींनी कुणाची मदत मागितली होती. जी आपल्या दाराशी आली तिने केवढा डोंगर ओलांडलाय ते ओळखा.

दुसरं. वही. ओढ उठली की मनाला फक्त गोड आठवतं. म्हणून जे घडलं ते त्याच दिवशी, तारखेसह, तिच्या शब्दांत लिहून ठेवायचं. लिहिता येत नसेल तर गटातल्या कुणी लिहावं. वही तिच्या घरी ठेवायची नाही. तलफ आली की तिने यावं आणि वाचावं किंवा वाचून घ्यावं. पुढे न्यायालयातही ती उपयोगी पडते.

तिसरं. जागरणाची पाळी. तलफेची वेळ ठरलेली असते. कुणाला रात्री, कुणाला सणाच्या दिवशी, कुणाला त्याचा पगार होतो त्या दिवशी. तीन जणींनी वाटून घ्या. एकीवर भार टाकलात तर ती थकेल, आणि थकली की माझ्यासारखी चिडेल.

चौथं, आणि हे फार महत्त्वाचं. सोडण्याची वेळ सगळ्यांत धोक्याची असते. निरनिराळ्या देशांत अभ्यास झालेत, बाई निघून जाते तेव्हा आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत जिवाचा धोका वाढतो. म्हणून "आजच्या आज निघ" असं तावातावाने सांगू नका. आधी तयारी. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले, थोडे पैसे, एक जोडी कपडे विश्वासाच्या ठिकाणी. फोनचा पासवर्ड बदला, लोकेशन बंद करा. "शेवटचं एकदा भेट" असं त्याने म्हटलं तर एकटीने जायचं नाही. आणि त्याने कधी गळा आवळला असेल, तर ती साधी मारहाण समजू नका. पुढे खून होण्याची ती फार मोठी खूण आहे. त्या दिवशीच हालचाल करा.

पाचवं. कायदा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. लग्न झालं नसलं, पण लग्नासारखे एकत्र राहत असतील, तरी त्यात दाद मागता येते. राहत्या घरातून काढू नये असा आदेश मिळतो, त्याने जवळ येऊ नये असाही मिळतो. एकत्र राहत नसतील, नुसता पाठलाग, फोनवर पाळत असेल, तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, आणि मन फारच खचलं तर १४४१६ ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा. हे आकडे आज पदरात बांधून न्या.

सहावं. रिकामी जागा भरा. तो गेला की बाईचा अख्खा दिवस मोकळा पडतो, आणि त्या पोकळीतूनच ती परत जाते. तिला काम द्या, गटाचा हिशेब लिहायला द्या, सहलीला न्या. तिने कुणाचं तरी काही करावं, अशी जागा तिला असू द्या. नुसती 'पीडित' म्हणून कोपऱ्यात बसवू नका.

शेवटचं एक

ती धागे कापणारी बाई आज कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. चौदा महिन्यांनी आली, मग आणखी एकदा परत गेली. यावेळी मी फाइल बंद केली नाही. दर पंधरा दिवसांनी तिच्या गल्लीत जात राहिले, आकाशकंदील घ्यायला, कधी नुसती पाणी प्यायला. सात महिन्यांनी ती आपल्या पोराला घेऊन निघाली. त्याच्यावर अजून माया आहे का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "आहे की. पण आता मायेला घरात घेत नाही, उंबऱ्याबाहेर बसवते." कान काही परत आला नाही. तो मी फाइल बंद केली त्या चौदा महिन्यांतला आहे. तो हिशेब माझ्या नावावर राहील.

तो बदलेल का, हे आपल्या हातात नाही. गाव बदलेल का, हेही एका दिवसात होणार नाही. पण दर बुधवारी दुपारी तीन ते पाच या हॉलच्या मागच्या खोलीत आम्ही बसणार आहोत, हे नक्की. पहिल्यांदा येणारीने यावं. सहाव्यांदा येणारीनेही यावं. कुणी विचारणार नाही, "पुन्हा आलीस?" म्हणू, "ये, बस. जागा धरली आहे."

आई, तू पहिल्या रांगेत बसली असतीस तरी चाललं असतं गं.